सिझर झालं, म्हणजे नेमकं काय चुकलं?

गेल्या पावसाळ्यात माझी लेक बाळंत झाली. सोळा तास कळा दिल्यावर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. बाळाने पोटातच शी केली होती. डॉक्टरांनी जावयाची सही घेतली आणि सिझर केलं. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. तासाभरात नातवाच्या कानात अजान दिली गेली, सगळ्यांनी शुक्र अदा केला.

तिसऱ्या दिवशी माझी खाला डिंकाचे लाडू घेऊन भेटायला आली. पंच्याहत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले, तरी दवाखान्याचा जिना चढून आली. बाळाला मांडीवर घेतलं, काहीतरी पुटपुटून त्याच्या कपाळावर फुंकर घातली आणि सहज बोलून गेली, "हमारे टैम पे सब घरमेंच होता था. अब की पोरीयां को दर्द सहनाच नै होता."

लेक काही बोलली नाही. रात्री दिवा घालवल्यावर म्हणाली, "अम्मी, मला शेवटपर्यंत जमलं नाही ना?"

माझी लेक फार्मसी शिकलेली आहे. ठोके कमी होणं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरीही ती हे विचारत होती. आणि मी, अठ्ठावीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेली बाई, मला उत्तर सुचेना.

न सुचण्याचं आणखी एक कारण होतं, ते इथे लिहूनच टाकते. माझी स्वतःची बाळंतपणं साधी झाली. १९९४ साली ही लेक झाली तेव्हा टाकाही पडला नाही, आणि ते मी पुढे कितीतरी वर्षं दागिन्यासारखं मिरवलं. तीन वर्षांनी माझ्या भाभीचं सिझर झालं. बाळ पायाळू होतं, तारीख आधीच ठरली होती. बघायला गेले तेव्हा मी हसत म्हणाले होते, "तुमचं बरं आहे भाभी, झोपलात आणि उठलात तर लेकरू हातात." त्या हसल्या. नंतर माझ्या लक्षात आलं की बायका जमून आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगू लागल्या की भाभी चहा ठेवायला उठतात.

आमच्या घरात बाळंतपणाची एक तिसरी गोष्टही आहे. माझी नानी, म्हणजे खालाची आई, १९५८ साली सातव्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं. बाळंतपणात मरण आलेल्या बाईला शहिदाचा दर्जा आहे, अशी हदीस आहे, आणि आमच्याकडे नानीचं नाव निघालं की कुणीतरी हे म्हणतंच, "शहीद हुई." लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. लेकीच्या त्या प्रश्नानंतर मात्र मी हा सगळा हिशेब एकदा मांडून पाहिला. नानी गेली, ती शहीद. भाभी आणि लेक वाचल्या, तर त्यांना दर्द सोसला नाही म्हणून बोल. हा हिशेब आला कुठून? धर्मातून आला, असं खालाला वाटतं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

कुरआनात बाळंतपणाचं सगळ्यात जवळून केलेलं वर्णन सूरह मरियममध्ये आहे. बीबी मरियम वस्तीपासून लांब, एकट्या. कळा त्यांना खजुराच्या बुंध्यापाशी नेतात आणि तिथे त्या मरणाची इच्छा बोलून दाखवतात. एका नबीची आई, जगातल्या स्त्रियांमधून निवडलेली, तिच्या तोंडी हे शब्द आहेत. मुफस्सिरांपैकी कितीतरी जण म्हणतात की ही इच्छा कळांपेक्षा लोकांच्या बदनामीच्या भीतीने आली. तसं असेल तर गोष्ट आणखीच स्पष्ट होते, कळांपेक्षा लोक जड झाले होते. मग आवाज येतो. त्यात सोसत राहा असं काही नाही. दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, झाड हलव, पिकले खजूर पडतील, खा आणि पी, असं सांगितलं जातं. आणि शेवटी, कुणी माणूस दिसलाच तर आपण न बोलण्याचा रोजा धरला आहे असं कळवायचं. म्हणजे बाळंतिणीला अन्न, पाणी, धीर आणि लोकांना उत्तर देण्यातून सूट. हे मी शंभर वेळा तिलावतीत वाचलं असेल, पण दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसून वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

प्रसूतीच्या कळा ही हव्वाच्या चुकीची शिक्षा आहे, असंही आपल्याकडे काही जण बोलून जातात. बयानांतून मी स्वतः ऐकलं आहे. कुरआनात मात्र फळ दोघांनी खाल्लं, ठपका दोघांवर आला आणि तौबा कबूल झाली. कळांचा तिथे शिक्षा म्हणून उल्लेख नाही. जुन्या तफसीरकारांपैकी काहींनी इस्राईली कथांमधून असं काही साहित्य घेतलं आणि ते आपल्यापर्यंत झिरपत आलं. शिक्षेचं मूळ वाक्य बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, आणि त्या एका वाक्यावरून १८४७ साली स्कॉटलंडमध्ये मोठा वाद झाला. तो वाद समजून घेण्यासारखा आहे.

एडिंबरा शहरात जेम्स यंग सिम्पसन नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी एका अडलेल्या बाईला ईथर देऊन प्रसूती केली. नोव्हेंबरच्या ४ तारखेला त्यांनी आणि त्यांच्या दोन साहाय्यकांनी रात्री जेवणाच्या टेबलावर बसून क्लोरोफॉर्म स्वतः हुंगून पाहिलं आणि तिघंही बेशुद्ध पडले. काही दिवसांतच ते बाळंतिणींना द्यायला सुरुवात झाली. डिसेंबरमध्ये सिम्पसननी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका काढली. तिच्यात त्यांनी मूळ हिब्रू शब्दाचा कीस पाडला. तो शब्द वेदनेसाठी नसून कष्टासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि आदमची बरगडी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोपवलं होतं, मग भूल देण्यात पाप कसलं, असाही त्यांचा सवाल होता. हा युक्तिवाद वाचताना मला आपले वादपटू मौलवी आठवले. जात तीच!

पुढे इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा दिसलं की पाद्र्यांचा विरोध आपण समजतो तेवढा मोठा नव्हता. जास्त विरोध डॉक्टरांचा होता. फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज हे नावाजलेले प्राध्यापक. प्रसूतीच्या कळा ही निसर्गाची हितकारक शक्ती आहे, ती बंद करू नये, असं त्यांचं मत होतं. म्हणजे धर्मग्रंथातली शिक्षा बाजूला झाली आणि तिच्या जागी निसर्ग आला. कळा सोसायच्या त्या बाईनेच, फक्त कारण बदललं.

राणी व्हिक्टोरियाने याचा एका फटक्यात निकाल लावला. सात बाळंतपणं तिने भुलीशिवाय काढली होती. आठव्या वेळी, ७ एप्रिल १८५३ रोजी, डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर क्लोरोफॉर्म शिंपडून तिला हुंगायला दिलं. हेच स्नो पुढच्या वर्षी लंडनमधला कॉलरा कुठल्या पंपाच्या पाण्यातून पसरतोय ते शोधून गाजले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने नाराजी छापली. पण प्रत्यक्ष राणीला दर्द सोसत नाही असं कोण म्हणणार? चार वर्षांनी नवव्या बाळंतपणात तिने पुन्हा क्लोरोफॉर्म घेतलं.

याच एडिंबराच्या विद्यापीठात आपल्याशी नातं असलेली एक वस्तू आहे. अबू रैहान अल-बिरुनीचा 'आसारुल बाकिया' हा ग्रंथ साधारण इ. स. १००० चा. बिरुनीला आपण भारताचा प्रवासवर्णनकार म्हणून ओळखतो, पण हा ग्रंथ निरनिराळ्या जमातींच्या कालगणनेवर आहे. त्याची १३०७ च्या सुमाराची एक सचित्र हस्तलिखित प्रत तिथे जपलेली आहे आणि तिच्यात कैसरच्या जन्माचं चित्र आहे. आडवी पडलेली आई, भोवती माणसं आणि पोटातून बाहेर काढलेलं बाळ. बिरुनी रोमच्या ऑगस्टसबद्दल सांगतो की आई कळा देता देता मेली, पोट चिरून बाळ काढलं आणि म्हणून त्याला कैसर म्हणू लागले. ऐतिहासिकदृष्ट्या ही गोष्ट खरी नाही, ऑगस्टसची आई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. पण आपल्या तोंडातला 'सिझर' हा शब्द त्याच दंतकथेच्या वाटेने आला आहे. बिरुनीने आणखी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. आपण इतरांसारखे जन्मलो नाही, याचा हा कैसर बाकीच्या राजांपुढे तोरा मिरवायचा. पोट चिरून बाहेर आलेल्याला त्याचा अभिमान आणि जिचं पोट चिरलं तिला शरम! हा फरक माझ्या मनातून जात नाही.

फिरदौसीच्या 'शाहनामा'त तर आई वाचते. हा ग्रंथ १०१० च्या सुमारास पुरा झाला. रुस्तम आणि सोहराब आपल्या घराघरांत माहीत असतात, पण रुस्तम सिझरने जन्मला हे किती जणांना ठाऊक आहे? रुदाबाच्या पोटातलं बाळ इतकं मोठं की ती मरायला टेकते. झाल घाबरून सीमुर्ग पक्ष्याला बोलावतो. सीमुर्ग सांगतो, तरबेज मोबेदला बोलाव, रुदाबाला मद्य पाजून बेशुद्ध कर, कूस चिरून बाळ काढ, मग शिवून टाक आणि वर जडीबुटी दुधात आणि कस्तुरीत वाटून लाव. तसंच होतं. रुदाबा शुद्धीवर येते, बाळ बघून हसते आणि सुटले अशा अर्थाचं काही बोलते. त्या शब्दावरूनच बाळाचं नाव रुस्तम पडलं, असं फिरदौसी सांगतो. भूल आहे, चीर आहे, टाके आहेत, औषध आहे. ही अर्थातच कथा आहे, शस्त्रक्रियेची नोंद नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या कवीला हे सुचलं आणि इराणच्या सर्वांत मोठ्या पहलवानाच्या आईला यात कमीपणा आहे, असं त्याला कुठेही वाटलं नाही.

कथा सोडून कायद्याकडे आलं तर फिकहमध्येही हा प्रश्न आलेला आहे, तो मात्र मेलेल्या आईच्या पोटातल्या जिवंत बाळाचा. हनफी फुकहांचा निर्णय असा की बाळ हलत असेल तर आईची डावी कूस चिरून ते काढावं. इमाम अबू हनीफांच्या परवानगीने एकदा असं केलं आणि मूल जगलं, अशी नोंद हनफी ग्रंथांत येते. औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या 'फतावा आलमगिरी'तही हा मसला आहे. शाफई पंथातही, म्हणजे आपले कोकणी मुसलमान ज्या पंथाचे आहेत त्यात, चिरण्याला मान्यता आहे. मालिकींमध्ये यावर मतभेद होते आणि हंबलींचं म्हणणं असं की चिरू नये, सुईणींनी हाताने काढता आलं तर काढावं. मृतदेहाचा मान आणि जिवंत बाळाचा हक्क यांत वजन कुणाला द्यायचं, असा तो वाद होता. कळा सोसण्याचं पुण्य वाया जाईल, असा मुद्दा मला त्यात कुठे सापडला नाही.

इथे एक खुलासा करते, कारण व्हॉट्सॲपवर उलट फिरत असतं. कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावींनी सिझरचा शोध लावला, असे संदेश येतात. तसं नाही. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या शल्यविशारदाने 'अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटच्या भागात शस्त्रक्रिया आणि जवळपास दोनशे उपकरणांच्या आकृत्या आहेत. बाळ आडवं आलं, पाय आधी आले तर सुईणीने काय करावं, हे त्यात सविस्तर आहे. मात्र त्यातले प्रसूतीचे चिमटे आणि आकडे प्रामुख्याने मेलेलं मूल बाहेर काढून आई वाचवण्यासाठी होते. त्याच शहरातल्या अरीब बिन साद यांनीही गर्भवती आणि नवजात बाळाच्या काळजीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे एवढं काम पुरेसं मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

जिवंत बाईचं पोट चिरून आई आणि बाळ दोन्ही वाचणं ही फार अलीकडची गोष्ट आहे. १८२६ मध्ये केपटाऊनला डॉ. जेम्स बॅरी यांनी असं एक सिझर यशस्वी केलं. ते ब्रिटिश लष्करी डॉक्टर. १८६५ मध्ये ते वारल्यावर बभ्रा झाला की ते शरीराने स्त्री होते, आयुष्यभर पुरुष म्हणून जगले. मुलाच्या आईवडिलांनी बाळाचं नाव डॉक्टरांवरून जेम्स बॅरी ठेवलं होतं. १८७९ मध्ये रॉबर्ट फेल्किन या इंग्रज प्रवाशाने आजच्या युगांडातल्या बुन्योरो राज्यात तिथल्या वैद्याला सिझर करताना पाहिलं. बाईला केळ्याची दारू पाजलेली, त्याच दारूने हात आणि पोट धुतलेलं, रक्त थांबवायला तापवलेलं लोखंड. आई आणि मूल दोघंही फेल्किनच्या डोळ्यांदेखत सावरले. युरोपात मात्र बायका मरत होत्या, कारण गर्भाशय शिवायचं नाही अशीच पद्धत होती. १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशयाला नीट टाके घालायची रीत मांडली. पुढे जंतुनाशक, रक्त देण्याची सोय, पेनिसिलीन हे सगळं येत गेलं आणि सिझर म्हणजे मरण हे समीकरण सुटलं.

तोवर दवाखान्याला घाबरणाऱ्या बाया अडाणी होत्या, असं मात्र म्हणता येत नाही. सिम्पसनने क्लोरोफॉर्म हुंगलं त्याच १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस डोकं धरून बसले होते. त्यांच्या इस्पितळात दोन प्रसूती विभाग होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बायका मरत. गरीब बाया पाया पडून सुईणींच्या विभागात जागा मागत. विद्यार्थी प्रेतं चिरून तसेच बाळंतिणीकडे येतात, हे झेमेलवाइसच्या लक्षात आलं आणि मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ मरत होत्या, जूनमध्ये २ मरू लागल्या. त्या पाया पडणाऱ्या बायांना जंतू माहीत नव्हते, पण कुठे मरण आहे ते बरोबर माहीत होतं.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत सगळा दोष दाईवर ढकलला गेला. दाई म्हणजे घाण, दाई म्हणजे मरण. तिच्या हातांनी अनर्थ झाले हे खरंच, पण बाईला दुसरं होतं कोण? पुरुष डॉक्टरपुढे जायचं नाही ही अट सर्व जातिधर्मांत होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, त्यातूनच त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात, म्हणजे त्या मेग्ज साहेबांच्याच शहरात, त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांनी बायकांवर उपचार करावेत म्हणून. मुंबईत ही सोय झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावापर्यंत ती यायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं लागली.

आता 'नॉर्मल' या शब्दाकडे येते. डिलिव्हरी झाल्याचं कळलं की आपला पहिला प्रश्न असतो, "नॉर्मल का सिझर?" म्हणजे सिझर झालेली बाई आपोआप अॅबनॉर्मल. हा मोठेपणा नैसर्गिक प्रसूतीला कसा मिळाला, याच्या मागे ग्रँटली डिक-रीड हे इंग्रज डॉक्टर आहेत. १९३३ मध्ये त्यांचं नैसर्गिक बाळंतपणावरचं पुस्तक आलं. भीतीमुळे शरीर आखडतं, आखडल्यामुळे दुखतं, म्हणून आधी भीती घालवा, असं त्यांचं सांगणं. त्यात तथ्य आहे. त्या काळी इस्पितळात बाईला गुंगी देऊन, एकटी टाकून बाळंतपण उरकलं जायचं, त्याविरुद्ध हा आवाज हवाच होता. पण डिक-रीड साहेबांच्या डोक्यात आणखीही काही होतं. सुधारलेल्या घरांतल्या गोऱ्या बाया पोरं कमी काढतात याची त्यांना चिंता होती, आणि 'रानटी' बाई शेतात काम करता करता सहज बाळंत होते, असं चित्र त्यांनी रंगवलं. ती बाई आपल्यासारखीच कुणीतरी होती. ती किती वेळा मेली, हे त्या चित्रात नव्हतं. पुढे हे विचार वर्ग, पुस्तकं आणि आता मोबाइल यांतून फिरून आपल्याच पोरींकडे परत आले. खाला म्हणते दर्द सोसवत नाही. मोबाइलवरची बाई म्हणते, श्वासावर लक्ष दिलं असतं तर जमलं असतं. माझ्या लेकीला दोन्हीकडून एकच ऐकू आलं.

याचा अर्थ सगळी सिझर गरजेची असतात, असा नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के प्रसूती सिझरने झाल्या आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. बाईचं शरीर सरकारी दवाखान्यातून खासगीत गेलं की असं बदलत नाही. पैसा, डॉक्टरांची सोय, रात्रभर थांबण्याची तयारी नसणं, कोर्टकचेरीची भीती, हे सगळं त्या आकड्यात आहे. याचा जाब विचारायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये तिनेच म्हटलं की एखादा आकडा गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सिझर मिळेल हे पाहा. पण जाब दवाखान्याला विचारायचा असतो आणि आपण तो विचारतो टेबलावर पडलेल्या बाईला. तिच्या हातात तेव्हा काय असतं? सोळा तासांनंतर माझ्या लेकीसमोर कुणी पर्याय ठेवले नव्हते. सहीसुद्धा जावयाची घेतली.

हे सगळं वाचून मी पुन्हा खालाकडे गेले. भांडायला नाही. मला नानीबद्दल विचारायचं होतं. आजवर आम्ही 'शहीद हुई' यापुढे कधी गेलोच नव्हतो.

खाला तेव्हा आठ वर्षांची. तिने सांगितलं ते मी तिच्यासमोरच वहीत उतरवलं. नानीला गुरुवारी पहाटे कळा सुरू झाल्या. दाई हुशार होती, आधीची सहाही पोरं तिनेच काढलेली. शुक्रवारी जुम्याच्या आधी ती बाहेर आली आणि म्हणाली, बाळ आडवं आहे, माझ्या हातून होणार नाही, तालुक्याला न्या. बैलगाडी जुंपली. मग पडवीत बसून पुरुषांचं बोलणं झालं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर पुरुष होता. एक जण म्हणाला न्या, दोघं म्हणाले थांबू या, अल्लाह आसान करेल. दाई पडवीच्या कोपऱ्यात उभी राहून पुन्हा तेच सांगत होती. आतून नानीचा आवाज येत होता, ती म्हणत होती, मला न्या. खालाने तो आवाज ऐकला. मगरिबनंतर बैल सोडले.

"गाडी जुती हुई थी," खाला दोनदा म्हणाली.

मी विचारलं, मग आम्हाला हे कधी का सांगितलं नाही? ती म्हणाली, अब्बांसमोर कोण बोलणार? आणि मग मौलवीसाहेबांनी शहीद म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. रडणं तरी थांबलं.

बराच वेळ ती लुगड्याच्या पदराची दशी पिळत बसली. मग विचारलं, "पोरी के टाके निकाले क्या?" निघाले म्हटलं. "दुखते?" थोडं दुखतं म्हटलं, खोकलं की दुखतं. तिने आतल्या खोलीतून जुन्या मऊ लुगड्याचा घडी केलेला लांब पट्टा आणला, पोटाला बांधायला. हा डॉक्टरांना विचारून बांध म्हणावं, असंही सांगितलं. परवा मी तो लेकीकडे नेऊन दिला. येताना भाभींच्या घरावरून आले. त्या घरी होत्या. चहा या वेळी मी ठेवला.